धुरावर मारलेलं पाणी

तमिळ मुलखातल्या ओरगडमच्या कारखान्यात सुरक्षा विभागात मी प्रशिक्षणार्थी म्हणून लागलो. आग विझवण्याची प्रात्यक्षिक परीक्षा पास झालो तर नोकरी कायम, नाहीतर गावी परत. घरात पदवी मिळवलेला मी पहिलाच. परत जाण्याचा विचारही सोसत नव्हता.

सराव एका जुन्या लोखंडी कंटेनरमध्ये चाले. आत लाकडी फळ्या पेटवत. आमचे प्रशिक्षक अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. हिंदीत तमिळ मिसळून बोलत. पहिल्याच दिवशी मी ज्वाळांवर फवारा धरला तो सोडलाच नाही. आमच्याकडे आग लागली की लोक प्यायचा हंडासुद्धा ओततात. तिथे हात आखडणाऱ्याला नंतर गावात तोंड दाखवता येत नाही. इथे मात्र पाण्याची वाफ होऊन ती उलटी अंगावर आली. मी कान चोळत बाहेर पळालो.

"तंबी, शेत भिजवतोयस का?" धाकट्या भावाला हाक मारावी तसे ते म्हणाले. "आग वर आहे, धुरात."

तापलेला धूरच पेट घेतो, म्हणून आधी तो थंड करायचा, असं त्यांनी समजावलं. वर धुक्यासारखा बारीक फवारा, क्षणभरच. मग थांबून बघायचं. मी मान हलवली, पण डोक्यात गोंधळ. जळतंय खाली, पाणी मारायचं वर, आणि तेही एवढंसं?

परीक्षेला ते माझ्या मागे गुडघ्यांवर बसले. मी वर फवारा मारला. एक थेंब खाली आला नाही.

"सर, पाणी येत नाहीये!"

"येतंय. धूर पितोय. परत मार."

परत मारलं, परत तेच. समोर फळ्या धडधडत होत्या. नॉझल पूर्ण उघडायला हात शिवशिवत होता. उघडलं असतं तर परीक्षा तिथेच संपली असती. दात आवळून पुन्हा तेवढंच मारलं, आणि हेल्मेटवर टपटप थेंब पडले. वाटलं, नेम चुकला.

"पडलं ना खाली? म्हणजे वर थंड झालं. चल पुढे."

रांगत फळ्यांपाशी गेलो आणि भाजीवाली पालेभाजीवर शिंपडते तसं निखाऱ्यांवर थोडं थोडं शिंपडलं. आग विझली.

बाहेर त्यांनी पाठ थोपटली. "पास." मी त्यांच्या पाया पडलो. मग न राहवून विचारलं, "सर, पण मी केलं काय?"

"सोमवारी कामावर ये. मग विचार."

ते गेल्यावर मी पुन्हा कंटेनरमध्ये वाकून पाहिलं. खालच्या पत्र्यावर ओंजळभरही पाणी साचलं नव्हतं. एवढी आग गेली कुठे, ते काही केल्या उमगेना.