पापण्यांच्या ऑपरेशनआधी आईला सांगून ठेवा

"डोळे तुमचे उत्तम आहेत," अकोल्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "फक्त पापण्यांची कातडी सैल झाली आहे. याला डर्मेटोकॅलासिस म्हणतात. नजरेला आडवी येत नाही, त्यामुळे ऑपरेशन केलंच पाहिजे असं नाही. हौस असेल तर करू."

नाव मोठं, पण अर्थ साधा. वरच्या पापणीची जास्तीची कातडी डोळ्यावर ओघळते. ती कापून काढायच्या ऑपरेशनला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. मला हौस होती. अमरावतीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, आणि येणारी प्रत्येक बाई माप द्यायच्या आधी विचारायची, "काहून जी, रडल्या का?" मी विधवा, म्हणून त्यांना ते खरंच वाटायचं. बारा महिने रडका चेहरा घेऊन धंदा करायचा वैताग आला होता.

हे डोळे मला आईकडून आले. आई अकोटला माझ्या धाकट्या भावाकडे असते. फुलांच्या मळ्यात तिचं आयुष्य गेलं. अलीकडे तिचं विसरणं वाढलं होतं. नातवंडांची नावं गेली, सुनेला ती शेजारीण समजायची, भावाला कधी कधी दीर. मला मात्र दारात पाहिल्याबरोबर "आली का वं माय" म्हणायची. तिला न चुकता ओळखू येणारी मी एकटीच उरले होते, आणि याचा मला, खोटं कशाला बोलू, गर्व होता.

आधी काय काय होतं ते सांगते. बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळं विचारतात. डोळ्यांत पुरेसं पाणी आहे का हे पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाहतात, कारण डोळे कोरडे असतील तर पुढे त्रास होतो. फोटो काढतात. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "चेहरा थोडा बदलेल. घरच्यांना आधी सांगून ठेवा."

मी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. पन्नाशी उलटलेली विधवा तोंड नीट करून घेते म्हटल्यावर लोक काय बोलतील हे मला पाठ होतं. म्हणून लेक सोडून सगळ्यांना सांगितलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदूला आमच्याकडे कुणी हसत नाही.

ऑपरेशन जागेपणीच होतं. भुलीची सुई पापणीत टोचतात तेव्हा झणझणतं. नंतर दुखत नाही, नुसतं ओढल्यासारखं वाटतं, आणि रक्त थांबवायला डाग देतात त्याचा जळका वास येतो. घाबरू नका. टाके तर इतके बारीक की माझी हातशिलाई लाजावी.

नंतर अकोल्यातच लेकीकडे राहिले. दुसऱ्या दिवशी डोळे काळेनिळे, सुजून मिटलेले. बर्फाचा शेक, मलम, डोक्याखाली दोन उशा, वाकायचं नाही. पापण्या पूर्ण मिटत नाहीत असं काही दिवस वाटतं, ते थेंबांवर निभतं. पण अचानक फार दुखलं, डोळा फुगला किंवा कमी दिसू लागलं, तर त्याच क्षणी डॉक्टरांना गाठा. आठवड्याने टाके निघाले. सांभाळून प्रवास करायला हरकत नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

तिथून अकोट काय लांब? पण भावाला फोन केला तर तो उखडला. "ताई, मोतीबिंदू काढला अन् एसटीत हादरे खात येशीन? रस्त्यानं सारा फुफाटा हाय. महिनाभर येऊ नको." आमच्याकडे मोतीबिंदूचं पथ्य बाळंतिणीसारखं पाळतात. खरं सांगायची सोय मीच ठेवली नव्हती. गेले नाही. आई विचारायची तेव्हा भाऊ तिला सांगायचा, "तिच्या डोयाचं ऑपरेशन झालं. बरी झाली का येते."

महिन्याने गेले. सूज उतरली होती, आरशात मी चांगली तरणी दिसत होते. आई ओसरीत बाजेवर बसली होती. मला पाहून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"या, बसा. कोनाच्या तुमी?"

थट्टा करते असं वाटून मी हसले. "माय, मी वं," म्हटलं. तिने सुनेला हाक मारली, "पाव्हनीले पानी दे." मी न्हाणीत जाऊन नव्या पापण्या सुजेपर्यंत रडले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंना विचारलं, ती कातडी परत लावता येते का. खुळा प्रश्न होता. त्या हसल्या नाहीत. "आईंचा आजार वाढणारच होता," म्हणाल्या. "हे डोळ्यांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. त्यांचा काहीच संबंध नाही, असंही सांगता येणार नाही."

तुम्हाला करायचं असेल तर जरूर करा. दुकानात आता कुणी रडल्या का म्हणून विचारत नाही, याचा मला आनंद आहे आणि तो मी लपवणार नाही. पण घरात असं विसरणारं माणूस असेल तर त्याला पट्टीत भेटा, सुजल्या तोंडाने भेटा, पुन्हा पुन्हा भेटा. चेहरा त्याच्या देखत बदलू द्या.

आता दर रविवारी जाते. तिच्या केसांना तेल लावते, नखं काढते. ती मुकाट करून घेते. फोनवर मात्र ती माझा आवाज ओळखते. म्हणून परवा तिची वेणी घातल्यावर अंगणात आले आणि न राहवून भावाला फोन लावला. त्याने मोबाईल तिच्या कानाला धरला. खिडकीतून ती मला दिसत होती.

"तू होय वं?" तिचा चेहरा उजळला. "माह्याकडं एक बाई येते. लय माया करते. पन तू काहून येत नाही? डोये बरे झाले का तुहे?"

"झाले, माय. पुढच्या रविवारी येते."

तिने मोबाईल परत दिला आणि भावाला म्हणाली, "रविवारी माही पोरगी येऊन राहिली. त्या बाईले थांबवून ठेवजो. दोघींची भेट होईन."