आत्याचा फोन एंगेज

माझी आत्या लाँड्री चालवते आणि तिला कपड्यांपेक्षा कपड्यांवरच्या डागांत जास्त रस आहे. कोट असो, पडदा असो, शाळेचा गणवेश असो, काउंटरवर कापड आलं की ती कपाळावरचा चष्मा नाकावर ओढते, कापड उजेडाकडे धरते आणि विचारते, "हा कशाचा?" गिऱ्हाईक म्हणतं, शाईचा. मग लगेच, "शाई सांडली कशी? पेन उघडं राहिलं, की कुणी हात मारला?" गिऱ्हाइकाला ऑफिसला उशीर होत असतो, मागे रांग लागलेली असते आणि हिची उलटतपासणी चालूच. डाग काढायचा कसा हे नंतर, तो पडला कसा हे आधी. काका, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर दुकान तिने एकटीने चालवलं, म्हणून सगळे तिचं कौतुक करतात. मीही करते. पण तिचं तोंड थोडं कमी चाललं असतं तर रांग निम्म्या वेळात सरली असती, हेही सांगून ठेवते.

ह्या चौकसपणापायीच तिचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या बाबांचं, बोलणं बंद झालं.

बाबा एका कंपनीत हिशेबाच्या टेबलावर होते. कंपनीने ते टेबलच काढून टाकलं, आणि बाबांनी घरात कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. रोज सकाळी पांढरा शर्ट घालून निघायचे, डबा घेऊन. जायचे मात्र एका गोदामात, यंत्रांचे सुटे भाग उचलायला. एक दिवस शर्टाला ग्रीस लागलं. आईला कळेल म्हणून त्यांनी तो शर्ट गुपचूप आत्याच्या दुकानात नेऊन टाकला. डाग लपवायला अख्ख्या शहरात त्यांना हीच जागा सापडली!

आत्याने शर्ट उजेडाकडे धरला. रांगेत चारपाच माणसं होती, त्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू. "धाकट्या, हे ग्रीस आहे," आत्या म्हणाली. "आणि हे खांद्यावर कसं? खांद्यावर तू काय उचलतोस रे? तू तर टेबलावर बसतोस ना?" बाबांनी तिच्या हातातून शर्ट ओढून घेतला आणि निघून आले. संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं. आईलाही बिल्डिंगकडूनच कळलं. बाबांना नंतर दुसरी बरी नोकरी लागली, पण त्या दुकानाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत.

"मी काय वावगं विचारलं?" आत्या म्हणायची. "डाग होता, विचारलं." तिला वाटायचं, धाकटा आहे, त्याने यावं. बाबांना वाटायचं, चूक तिची, तिने यावं. दोघंही एका आईची लेकरं, त्यामुळे कुणीच हललं नाही. मी तेवढी दोन्ही घरांत ये-जा करायची आणि दोघांवरही चडफडायची.

अशात आत्याच्या घरी कम्प्युटर आला. दुकानाच्या पावत्यांसाठी म्हणून कुणाकडून तरी जुना घेतला होता. मी तिला इंटरनेट जोडून दिलं आणि डाग काढणाऱ्यांचा एक गट शोधून दिला. जगभरातले लाँड्रीवाले, शिंपी, हॉटेलांत चादरी धुणारे लोक तिथे आपापल्या डागांचे फोटो टाकायचे आणि उपाय विचारायचे. झालं, आत्या त्या गटाला चिकटली ती चिकटलीच. कुणी विचारलं, सोफ्यावरचं मेण कसं काढू, की ही आपल्या मोडक्या इंग्रजीत उलट विचारणार, मेणबत्ती लावली होती कशासाठी? लोकही मोठ्या हौसेने सांगत बसायचे.

तेव्हाचं इंटरनेट फोनच्या तारेतूनच यायचं. ती सुरू करायची तेव्हा मोडेम आधी नंबर फिरवायचा, मग खरखर, मग किंचाळणं, मग शांतता. ते चालू असेपर्यंत फोन एंगेज. फोटो वरून खाली एकेक पट्टी करत उतरायचा. आधी भिंत दिसायची, मग सोफ्याची पाठ, मग डागाची वरची कड. आत्या खुर्चीच्या टोकावर. "थांब, सांगू नकोस. कड पिवळट आहे. तेल? नाही, तेल असं पसरत नाही. वार्निश!" पूर्ण फोटो उतरेपर्यंत तिचे तीन अंदाज बांधून झालेले असायचे. मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर मीही अंदाज बांधायला लागले होते. दुकान बंद करून घरी आली की चपला काढायच्या आधी ती कम्प्युटर चालू करायची आणि जेवायच्या वेळेपर्यंत फोन अडकलेला.

बाबांकडे मी विषय काढला की ते वर्तमानपत्र वर करायचे. "तिचा फोन सदा एंगेज." मी त्यांना घरातला रिसीव्हर उचलताना एकदाही पाहिलं नव्हतं. आत्याकडे विषय काढला तर ती म्हणायची, "त्याने केला असेल गं. मीच मेली लाइनवर असते." हे ती इतकं समाधानाने म्हणायची की माझं डोकं फिरायचं. एकाला न करण्याची सोय, दुसरीला न आल्याची सोय! मी ठरवलं, ही सोयच काढून घ्यायची. मग बघू फोन कोण करतं.

म्हणून मी तिच्या मागे लागले, ब्रॉडबँड घे. फोटो झटकन येतील. तिला ह्या आमिषाचं फारसं काही वाटलं नाही. पण "आणि फोनही मोकळा राहील" म्हटल्यावर तिने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "इंटरनेट चालू असताना फोन वाजेल?"

"वाजेल."

"कुणाचाही?"

"कुणाचाही."

"मग बोलव त्या माणसाला," ती म्हणाली आणि मशीनमधले कपडे काढायला गेली.

जोडणीवाला आला तेव्हा तिने त्याला हातातला स्क्रू-ड्रायव्हर धड फिरवू दिला नाही. तार तीच, मग फोनचं बोलणं आणि इंटरनेटचं बोलणं एकमेकांत मिसळत कसं नाही? त्याने भिंतीशी एक चपटी डबी बसवली. भिंतीतली तार एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूला दोन भोकं, एक मोडेमचं, एक फोनचं. "ही डबी दोघांना वेगळं करते," तो म्हणाला. "कशी?" तो म्हणाला, बाई, आतलं मलाही माहीत नाही, मी फक्त बसवतो. हे उत्तर आत्याला फार आवडलं. त्याच्या बाहीवर चुन्याचा डाग होता, तो मात्र तिने विचारपूस करून तिथल्या तिथे काढून दिला.

पहिला फोटो आला तो अख्खाच्या अख्खा, एकदम. आत्या दचकली. "अगं, थांब ना जरा!" ती पडद्यालाच म्हणाली. टेबलक्लॉथ, त्यावर तांबडा डाग, खाली लिहिलेलं उत्तर, सगळं एका दमात समोर. तिचा चेहरा उतरला. पण आत्याच ती. इस्त्री केलेल्या शर्टाच्या घडीत घालतात तो पुठ्ठा तिने आणला, फोटो उघडायच्या आधी पडद्यावर धरला आणि हळूहळू खाली सरकवायला लागली. मला म्हणाली, "हसू नकोस. तू सांग, हे काय असेल?" एवढे पैसे भरून घेतलेला वेग ती पुठ्ठ्याने अडवत होती.

फोन मात्र वाजला नाही.

पहिल्या संध्याकाळी तिने कारण शोधलं, त्याला ठाऊक नसेल. मी घरी जाऊन बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात आईला सांगितलं, आत्याचा फोन आता मोकळा असतो. बाबांनी पान उलटलं आणि रोजच्यासारखे फिरायला गेले. दुसऱ्या संध्याकाळी आत्या पुठ्ठा सरकवताना मधेच थांबायची आणि फोनकडे बघायची. तिसऱ्या दिवशी तिने सगळं घर पुसून काढलं. टेबल, कम्प्युटर, फोन, भिंतीवरच्या तारासुद्धा. कुणी पाहुणा यायचा असावा तशी. पुढच्या दोन संध्याकाळीही फोन गप्पच.

मग ती बोलली. मी तिच्याकडेच होते, ती डाग बघत नव्हती, नुसती बसली होती. "हे तुझं ब्रॉडबँड काढून टाक," ती म्हणाली.

"का गं? आवडलं नाही?"

"आधी निदान म्हणता यायचं की तो करत असेल. आता काय म्हणू?" तिचा आवाज फुटला. आत्याला मी दुकानात भांडताना पाहिलं होतं, काका गेले तेव्हा रडतानाही पाहिलं होतं, पण इतकी लहान झालेली कधी पाहिली नव्हती. मला माझ्या हुशारीची भयंकर शरम वाटली आणि बाबांचा सणकून राग आला. घरी जाऊन त्यांना काय काय सुनवायचं ते मी मनातल्या मनात जुळवत होते, तेवढ्यात दारावर धडाधडा थापा पडल्या. बेल असताना थापा.

मी दार उघडलं तर बाबा. पायांत घरातल्या सपाता, शर्टाची बटणं खालीवर लागलेली, तीन मजले चढून छाती भात्यासारखी हलत होती. त्यांनी मला बाजूला सारलं आणि आत्याकडे पाहिलं. "फोन का उचलत नाहीस?" ते ओरडलेच.

"वाजला कुठे?" आत्याही ओरडली.

"वाजतोय की! कालपासून वाजतोय. आज तर मी किती वेळा लावला. मला वाटलं तू कुठे पडलीबिडलीस."

मी वाकून भिंतीशी बघितलं. पुसताना आत्याने डबीतल्या तारा काढल्या होत्या. मोडेमची परत नीट बसवली होती, फोनची नुसती टेकवून ठेवली होती. तिकडे बाबांच्या कानात घंटी जात होती, इकडे फोन मुका. मी ती तार हातात धरून दोघांना दाखवली, पण माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"तू फोन करायचास?" आत्याने विचारलं.

बाबा खुर्चीवर बसले. "रोज. फिरायला जायचो तेव्हा, कोपऱ्यावरच्या नाण्याच्या फोनवरून. एंगेज यायचा."

"मग सदा एंगेज माहीत असताना रोज कशाला करायचास?"

"एंगेज आला की कळायचं ना," बाबा म्हणाले. "दुकान बंद करून घरी आलीस. कम्प्युटरवर बसलीस. म्हणजे बरी आहेस. नाणं परत पडायचं, मी घरी जायचो." पुढे म्हणाले, "चारेक दिवसांपूर्वी एंगेजच्या जागी एकदम घंटी ऐकू आली, तर तुझ्याकडे वाजायच्या आत घाबरून मीच ठेवून दिला. दोन दिवस असंच केलं. मग ठरवलं, आता बोलायचंच. तर कुणी उचलेना."

इतकी वर्षं ज्याला मी थाप समजत होते ते अक्षरशः खरं होतं. आमच्या घरात रोज संध्याकाळी एक माणूस फिरायला जायचा आणि कुठे जातो हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"काय बोलणार होतास?" आत्याने विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. "असं समोर नाही सांगता येत, ताई," ते म्हणाले.

आत्या उठली. माझ्या हातातली तार घेऊन तिने डबीत खट्‌कन बसवली, रिसीव्हर उचलून आवाज ऐकला आणि ठेवला. "खाली किराणा दुकानाच्या बाहेर फोन आहे," ती म्हणाली. "जा, तिथून कर. मी उचलते."

मला वाटलं बाबा चिडतील. पण ते मुकाट्याने उठले, खिसा चाचपला आणि सपाता फटफटवत जिना उतरले. आत्या फोनसमोर उभी राहिली. तिने केस सारखे केले, ओचे झटकले. मला म्हणाली, "उचलल्यावर आधी काय म्हणतात गं?" मी काही म्हणायच्या आत फोन वाजला.

तिने उचलला आणि "हं" म्हणाली. मग नुसती ऐकत राहिली. मी कान जवळ नेला तर तिने मला कोपराने ढकललं. बाबा तिकडे काय बोलले ते मला आजतागायत माहीत नाही. मी दोघांनाही विचारून पाहिलं, कुणी सांगत नाही. आत्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मधे एकदाच तिने विचारलं, "खांदा दुखायचा का रे तेव्हा?" आणि मग पुन्हा बराच वेळ ऐकत राहिली.

शेवटी म्हणाली, "बरं. ठेव आता आणि वर ये."

मी जाऊन दार उघडून उभी राहिले. जिन्यात पाऊल वाजेना. वळून पाहिलं तर आत्या रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी होती. दोघांपैकी कुणीच फोन ठेवत नव्हतं.