शेवंतीचा डावा खूर

माणसाची सगळी दुखणी पायातून वर चढतात, यावर माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतकी श्रद्धा उभ्या बीड जिल्ह्यात कुणाची नसेल. सिरसाळ्यात त्यांचं किराणा दुकान. गिऱ्हाईक आलं की मामा आधी त्याच्या चपलांकडे बघणार, मग तोंडाकडे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पगार, शेती, भाऊबंद यांतलं काहीच त्यांनी विचारलं नाही. उंबऱ्याबाहेर काढलेली माझी चप्पल उचलून तिचा तळ न्याहाळला आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमी टाच बाहेरून झिजवताव. कंबर दुखती का?" मी न्हाई म्हटलं. "दुखल," असं म्हणून त्यांनी स्थळ पसंत केलं. पुढे कंबर खरंच दुखायला लागली, पण ते मी त्यांना अजून कळू दिलेलं नाही.

हे सगळं शास्त्र त्यांनी शेवंतीवरून काढलेलं. शेवंती म्हणजे त्यांची पांढरी घोडी. तिचे खूर ते स्वतः कानशीनं घासत. नालबंदावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "त्याला धा घोड्यांची घाई आस्ती. मला एकच हाय," म्हणायचे. नात्यागोत्यातल्या वरातीला घोडी मागितली की लगेच द्यायचे, पण सोबत स्वतः यायचे. बँडवाले जीव तोडून वाजवताहेत, करवल्या नाचताहेत आणि मामा घोडीला खेटून चालत नवरदेवावर ओरडताहेत, "मधी बस बे, मधी! एका अंगाला कावून झुकतूस?" बिचारा नवरदेव फोटोतसुद्धा परीक्षेला बसल्यासारखा ताठ दिसायचा.

युसूफ वडगावला मामांच्या साडूच्या मुलाचं लग्न होतं. वरात मारुतीच्या पारापाशी आली आणि शेवंतीचं काहीतरी बिनसलं. डावा पुढचा पाय जमिनीला टेकला की ती मान झटकन वर उचलायची. आम्हाला वाटलं, बँडच्या तालावर नाचतेय. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मामांनी मात्र हात वर करून बँड थांबवला. "उतर," ते नवरदेवाला म्हणाले. साडू धावत आले. "आरं, लोकं काय म्हनतील? मांडव समोर दिसतोय की!" "दिसतोय ना? मग चालत जाऊ द्या त्याला. ही लंगडती हाय." नवरदेव बाशिंग सावरत पायी मांडवात गेला, आणि मामा जेवणसुद्धा न घेता घोडीला टेम्पोत घालून सिरसाळ्याला निघाले. साडूंनी त्यानंतर कितीतरी दिवस बोलणं टाकलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी गेलो तर दुकान बंद. मामा गोठ्यात बसलेले. शेवंती तो पाय पुढे टाकून उभी, चारा तसाच पडलेला. लोक येऊन सल्ले देत होते. कुणी तर विकून मोकळे व्हा म्हणालं.  शेवटी मामींनी परळीहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई बोलावल्या. त्यांनी पाय चाचपला, दुकानापुढच्या सपाट फरशीवर घोडी उभी करवली, चालवून पाहिली आणि विचारलं, "खूर कोण घासतं?"

"मी सोता," मामा छाती काढून म्हणाले.

"कसे बसून घासता?"

मामांचा उजवा गुडघा बरेच दिवस धरलेला. वाकता येईना म्हणून ते स्टुलावर बसून खूर आपल्याकडे ओढून घेत. बाईंनी फरशीवर टेकलेला खूर त्यांना दाखवला. मामांच्या बाजूची कड जास्त घासली गेली होती, आतली उंच राहिली होती. घोडीचा सगळा भार तिरका पडून सांधा दुखावला होता.

"म्हंजी... माज्याच हातानं?"

"मुद्दाम थोडंच केलंत, काका? बरी होईल ती. पण एकदम सरळ करायचं नाही. महिन्या-महिन्याला थोडं थोडं. आणि आता नालबंदाला करू द्या."

 मामा आत जाऊन कानस घेऊन आले आणि बाईंच्या हातात दिली. 

केजहून नालबंद यायला लागला. त्यानं एकच अट घातली, मामांनी बघायचं नाही. मग मामा गोठ्याकडे पाठ करून ओट्यावर बसत आणि कानशीचा आवाज आला की डोळे मिटून विचारत, "आतल्या अंगाला घासतूस ना?" तो म्हणे, "मामा, तुमी दुकानात जा बरं." मामा जात नसत. शेवंती हळूहळू पाय पूर्ण टेकायला लागली. थंडी पडली तोवर तिची मान स्थिर झाली होती. वरातीला मात्र मामांनी तिला पुन्हा दिलं नाही.

परवा गेलो तेव्हा दोघं कापणी झालेल्या रानातून फिरून येत होती. शेवंती पुढे, दोरी सोडलेली, मामा काठी टेकत मागे. त्यांचा गुडघा आता फारच धरलाय. घोडी ऐटीत पुढे जायची, अंतर पडलं की थांबायची, मागे वळून बघायची. मामा जवळ पोचले की पुन्हा चालायला लागायची. मी हाक मारणार होतो. पण त्यांना बांधापर्यंत यायला पुष्कळ वेळ लागणार होता, आणि घाई दोघांपैकी कुणालाच दिसत नव्हती.