दत्तूची घाई

आमच्या गल्लीत म्हणतात, शालनवैनीला सांगितलं म्हणजे पेपरात दिलं. खरं आहे ते. दुसऱ्याचं काही माझ्या पोटात राहत नाही. माझं स्वतःचं मात्र एक राहिलं — नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना सांगितलं नाही, अंबाबाईपुढं हात जोडून उभी राहिले आणि ते ओठावर आलं, तेव्हा तिथंही मी विषय बदलला. देवीपुढं विषय बदलणारी बाई तुम्ही बघितलीय का कधी? मग बघा.

कसं लिहायचं ते मला कळत नाही, म्हणून बोलते तसंच लिहिते. मधेच भरकटले तर समजून घ्या, मुद्द्यापाशी यायला भीती वाटते म्हणून भरकटते.

आमचे हे बांधकामाचे छोटे ठेकेदार. शाळेच्या खोल्या, कुणाचा बंगला, कालव्यावरची मोरी, असली कामं. मी सातवी शिकलेली. लग्न झाल्यावर हे आकडे सांगायचे आणि मी उतरवून घ्यायची, तेवढंच माझं काम. पण उतरवता उतरवता डोकं चालायला लागलं. सिमेंट किती पोती, वाळू-खडी किती ब्रास, सळी किती, मजुरी किती, सेंट्रिंगचं भाडं किती दिवसांचं — स्लॅब ओतताना त्याला खालनं लोखंडी प्लेटा आणि टेकू लावतात ना, ते सेंट्रिंग. नकाशा पुढ्यात ठेवला की मला भिंती दिसायच्याच नाहीत, पोतीच दिसायची. पुढं पुढं अंदाजपत्रक मी करायची आणि हे नुसती सही ठोकायचे. मला त्याचा केवढा गर्व होता! हळदीकुंकवाला गेले तरी मी त्या घराचा स्लॅब वर बघून मापायची.

आमचा मिस्त्री दत्तू. कागलच्या पलीकडच्या एका खेड्यातला. उंच, काळा, दात पुढं आलेले, आणि हसला की सगळं अंग हसायचं. हातात ओळंबा असला तर तासभर बोलायचा नाही, आणि ओळंबा खाली ठेवला की गप्प बसायचा नाही. मला वैनी म्हणायचा. माझ्या हातचा चहा त्याला लागायचा, बशीतच. का सांगते हे? कारण लोक आता त्याला विसरलेत, आणि जे आठवतात ते भलतंच आठवतात. त्याला मी जबाबदार आहे. थांबा, येते तिथपर्यंत.

नव्वद सालानंतरची गोष्ट. एसटीडीचे बूथ गल्लोगल्ली झाले होते तेव्हाची. कालव्याच्या कामावर ओळख झालेले एका मोठ्या कंपनीचे साहेब होते. त्यांची बदली हिमाचलात झाली, खूप उंचावर, वीजघराच्या कामाला. तिथं कामगारांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. साहेबांनी दत्तूचं काम बघितलेलं, म्हणून यांना विचारलं — पोटठेका घेता काय? यांना हुरूप चढला. कोल्हापूरचा माणूस हिमालयात स्लॅब टाकणार! अंदाजपत्रक अर्थातच मी करायचं.

थंडी म्हणजे मला काय ठाऊक? पंचगंगेवरनं वारा सुटला की आम्ही एकीच्या दोन घोंगड्या घेतो, ती थंडी. म्हणून मी शेजारच्या सुभेदारकाकांना विचारलं. त्यांची सगळी नोकरी तसल्याच डोंगरात, रस्ते-पूल बांधणाऱ्या पलटणीत गेलेली. विचारलं म्हणते मी — हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

काकांनी सगळं नीट सांगितलं. पाणी गरम करून माल कालवायचा. ओतल्यावर ताडपत्री आणि पेंढ्यानं झाकायचं, खाली शेगड्या धगधगत्या ठेवायच्या. आणि एवढं करूनही टेकू आपल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट दिवस तसेच ठेवायचे. "पोरी, गारठ्यात काँक्रीट घट्ट हुईत न्हाई, नुसतं गोठतंय," ते म्हणाले. "आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतंय."

मी सगळं धरलं. सरपण, ताडपत्र्या, शेगड्यांवर बसणाऱ्या माणसांची मजुरी, प्लेटांचे दोन संच — म्हणजे एक अडकून पडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहील. चोख अंदाजपत्रक होतं ते. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. साहेबांचा फोन आला — वहिनी, तुमचा दर जास्त आहे, बेळगावच्या एकाचा कमी आहे, बघा काही होतंय का.

झालं. बेळगावचा माणूस काम नेणार, आणि तेही माझ्या हिशेबामुळं? मी बसले आणि थंडीचा सगळा खर्च काढून टाकला. प्लेटांचा एकच संच ठेवला. बाकीचं कोल्हापूरच्या हिशेबानं. यांनी बघितलं, म्हणाले, "अगं, त्या शेगड्या काढल्यास काय?" दत्तू तिथंच चहा पीत बसला होता. मी म्हणाले, "काँक्रीटला काय सर्दी हुतिया व्हय?"

दत्तू एवढा हसला की बशीतला चहा धोतरावर सांडला. हेही हसले. मग तो विनोदच होऊन बसला घरात. कोण शिंकलं तरी, "काय काँक्रीट, बरं हाय न्हवं?"

एक खर्च मात्र मी काढला नाही. स्लॅब पडला, म्हणजे ओतून झाला, की माणसांना मटणाचं जेवण घालायचं, ही आपल्याकडची रीत. एवढ्या लांब परमुलखात जाणार ती, तिथं तांबडा रस्सा कोण घालणार? म्हणून मसाला इथनं करून दिला आणि मटणाचा खर्च मायेनं ठेवला. हे मला अजून सहन होत नाही. मटण ठेवलं आणि ऊब काढली.

काम मिळालं. दत्तू आणि त्याची माणसं गेली. कामाला उशीर होत होत पहिला स्लॅब पडला तेव्हा दिवाळी महिन्याभरावर आली होती. तिकडं त्या दिवसांत रात्री पाणी गोठायला लागतं.

आता येतंय ते.

दुपारची वेळ. हे साइटवर गेलेले, मी घरी एकटी. फोन वाजला. दत्तू खाली बाजारच्या गावात उतरून बूथवरनं बोलत होता. आधी मटण कसं झालतं ते सांगितलं. वैनी, तिकडचा आचारीबी बोटं चाटाय लागलाय म्हणाला. मग म्हणाला, "वैनी, काँक्रीटला खरंच सर्दी झालिया बगा."

मी हसले. तो हसला नाही.

"सकाळी दगडागत लागतंय. दुपारी ऊन आलं की घाम फुटतोय त्येला. खिळा लावला तर आत जातोय. टेकू ठेवावं म्हंतोय अजून. पर दुसऱ्या खोल्यास्नी प्लेटा न्हाईत. काय करू?"

काय करू, असं विचारलं त्यानं मला. मला सगळं समोर दिसत होतं. काकांचं बोलणं शब्दानंशब्द आठवत होतं. पण त्याच वेळी दुसरंही दिसत होतं — प्लेटा अडकल्या की काम थांबणार, बर्फ पडला की रस्ता बंद, मग उन्हाळ्यापर्यंत बिल नाही, आणि मग हे विचारणार की दोन संच का धरले नाहीस. त्यांच्या तोंडून तो प्रश्न मला ऐकायचा नव्हता. बाकी काही नाही हो. तेवढंच. एका प्रश्नाची लाज.

मी विचारलं, "पंधरवडा झाला न्हवं?"

"झाला."

"मग कोल्हापुरात काय करतोस?"

"खोलतो."

"मग खोल की!"

तिकडनं वाऱ्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "बरं. तुमी म्हंतासा तर खोलतो, वैनी." आणि फोन ठेवला.

यांना मी तो फोन आल्याचं बोलले नाही. का नाही बोलले? तेव्हा तर काही घडलंही नव्हतं. मला वाटतं, मला तेव्हाच कळलं होतं.

पुढं काय झालं ते त्याच्या माणसांनी परत आल्यावर सांगितलं. टेकू काढायच्या आधी दत्तूनं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. आत एकटा गेला. नेहमी चौघं मिळून करायचं काम. माणसं दारातनं ओरडत होती, मिस्त्री, आमी येतो की. तो म्हणाला, "भाईर थांबा सांगितलं न्हवं?" एवढंच. मग स्लॅब आला खाली.

त्याच्या माणसांना वाटलं, मिस्त्रीला घाई झालेली, आपल्या हातनं उशीर होईल म्हणून एकटाच शिरला. त्यानं बाकीच्यांना का बाहेर काढलं ते जगात एकट्या मला ठाऊक आहे. त्याला माहीत होतं. माहीत असून गेला. मी सांगितलं म्हणून गेला.

बातमी आली तेव्हा हे खुर्चीत मटकन बसले. मग म्हणाले, "दत्तू असा घाई करनारा न्हवता गं." आणि माझ्याकडं बघितलं. त्यांना संशय नव्हता, दुःख होतं नुसतं. ती वेळ होती. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले —

"दिवाळीला घरी यायचं असंल त्येला."

कुठनं आलं ते वाक्य? दत्तू दिवाळीचं अवाक्षरही बोलला नव्हता. मी बनवलं ते, तिथं उभ्या उभ्या. ह्यांनी मान हलवली. साहेबांनी विचारलं तेव्हा ह्यांनी तेच सांगितलं. माणसांनीही तेच मानलं. सुभेदारकाका भेटायला आले, जाताना दारात थांबून हळूच म्हणाले, "पोरी, ऊब धरली हुतीस न्हवं हिशेबात?" मी म्हणाले, "धरली हुती की." काका त्यानंतर आमच्याकडं फारसे आले नाहीत. पुढं वारलेही.

इथवर वाचून तुम्हाला वाटत असेल, झालं, आलं सगळं बाहेर. नाही. अजून एक आहे, आणि मला विचाराल तर तेच सगळ्यात वाईट.

दिवस झाल्यावर दत्तूची बायको हौसा आमच्या घरी आली. लहान लेकीला, मंगलला, काखेत घेऊन. मला वाटलं रडेल, भांडेल, पैसे मागेल. ती उंबऱ्याच्या आत खाली बसली. म्हणाली, "आमच्या मालकांनी घाई केली, वैनी. तुमचं काम बुडवलं, भाऊंचं नाव खराब केलं. त्येंच्या वतीनं मी माफी मागाय आलोय." आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं.

मी काय केलं? मी तिला उठवलं. पदरानं तिचे डोळे पुसले. आणि म्हणाले, "जाऊ दे हौसा. आमच्या मनात काय न्हाई."

माफ केलं मी त्याला. दत्तूला. मी!

त्यानंतर मी तिला बरंच काही दिलं. मंगलची शाळा, तिच्या लग्नातलं मणिमंगळसूत्र. लोक म्हणायचे, मिस्त्रीच्या चुकीनं एवढा तोटा झाला तरी वैनींचं मन बघा. मी ते ऐकून घ्यायची. खोटं कशाला बोलू — कधी कधी बरंही वाटायचं. हौसा दरवर्षी सुगीत शेंगांचं गाठोडं घेऊन येते. मी भाजते, दोघी खातो, टरफलांचा ढीग आमच्यामधे वाढत जातो. ती दत्तूचं नाव काढत नाही. तिला लाज वाटते त्याची. वीस वर्षं होत आली असतील, ती बाई तिच्या नवऱ्याची लाज बाळगून आहे, आणि ती लाज मी दिलेली.

हे असंच पोटात घेऊन मी गेले असते. पण मागल्या वर्षी लेकीच्या घरावर मजला चढवायचं काम निघालं. हे आता नाहीत. मीच खुर्ची टाकून बसायची. मिस्त्री नवीन पोरगा, हातकणंगल्याकडचा. त्याचा एक गडी टेकूला हात घालायला गेला, तसा तो वरनं खेकसला, "ए! दत्तूची घाई करू नगंस!"

मी विचारलं, "कोण रं ह्यो दत्तू?"

"काय म्हाईत, आजी. असंल कोन तर. आमच्यात म्हंत्यात तसं. दिवाळीला घरी जायचं म्हनून टेकू काढलं आनि स्वतःच मेला म्हनं." आणि हसला. सगळी हसली.

माझं वाक्य होतं ते. माझ्या घरातनं निघून, गवंड्यांच्या तोंडातोंडी फिरून, ज्या पोरानं दत्तूला बघितलंही नाही त्याच्या तोंडातनं माझ्यापुढं आलं. दत्तूनं बांधलेल्या भिंती एव्हाना लोकांनी पाडून नवी घरं बांधली असतील. हे तेवढं टिकलंय.

तिथंही विषय बदलला. चहा सांगितला सगळ्यांना.

हौसाला वाचता येत नाही. मंगलला येतं, आणि हातात येईल ते ती आईला मोठ्यानं वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. ते माहीत असूनच मी हे लिहिलंय. यंदा शेंगा येतील की नाही, ते तिनं ठरवायचं.

तर हौसा, ऐक. तुझ्या मालकांनी घाई केली नाही. दिवाळीचं ते मी रचलं. त्यांनी थांबायचं म्हणून फोन केला होता, टेकू ठेवू काय म्हणून मला विचारलं होतं.

खोल, असं मी म्हणाले.