डब्यावरचा देव

"डबा पुरायला निघालासा? डबा?" मीनाबाईचा आवाज भिंत ओलांडून तानाक्काच्या चुलीपर्यंत आला. "माणसं मढं पुरत्यात, न्हायतर सोनं पुरत्यात. माझा नवाकोरा चपातीचा डबा घिऊन तुमी माळावर निघालासा!"

"पुरायचा न्हाय गं. लपवायचाय."

"कुणापास्नं?"

"कुणापास्नं न्हाय. कुणाला तरी सापडावा म्हणूनच लपवायचा."

अलीकडं तानाक्का हातातली भाकरी तशीच धरून उभी राहिली. सापडावा म्हणून लपवायचा, असलं बोलणं तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मग पलीकडं एक भांडं आदळलं, तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला. भांडण नेहमीच्या वाटेला लागलं होतं.

भांडणारा गडी म्हणजे मीनाबाईचा नवरा आकाराम. वीज मंडळात मीटर वाचायचं काम करून घरी बसलेला. जन्मभर दुसऱ्याच्या दारात गेला. काही दारांत पाणी मिळालं, काही दारांत "तिथनंच बघा आकडा" असं ऐकलं. का, ते त्याला कुणी फोडून सांगायची गरज नव्हती. त्याच्या बापानं छप्पन सालानंतर घरातले देव टोपलीत घालून पंचगंगेत सोडले होते. घरात बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेब, तिसऱ्या तसबिरीला खिळासुद्धा नाही. तानाक्काच्या घरी देव्हाऱ्यात देवांना कूस बदलायला जागा नव्हती. पण दोन्ही घरांत भिंत एकच होती आणि आमटीची वाटी तिच्यावरून रोज इकडून तिकडं जायची.

त्याचा थोरला, प्रसेनजीत, पुण्याला संगणकाच्या नोकरीत. कंपनीनं त्याला अमेरिकेला धाडलं, तिथनं येताना त्यानं बापाला हातात मावेल असं एक पिवळं यंत्र आणलं. ही दोन हजार पाच सालच्या आसपासची गोष्ट. आपण कुठं उभे आहोत ते म्हणे त्या यंत्राला आभाळातले उपग्रह सांगायचे. तिकडं लोक त्याच्यावर एक खेळ खेळतात. एकानं डबा लपवायचा आणि जागेचे आकडे संगणकावर टाकायचे. दुसऱ्यानं यंत्र घेऊन त्या आकड्यांवर यायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून निघून जायचं.

"म्हंजे लपंडावच की रं," तानाक्का कट्ट्यावर बसून म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांचा."

"व्हय आक्का. फकस्त राज्य घेणारा सातासमुद्रापलीकडनं येतोय."

"आन् आल्यावर त्येला काय मिळतंय?"

"काय न्हाय. एखादं किचेन, एखादा बिल्ला. पर मी सांगितलेल्या जागंवर तो येतोय का न्हाय? माझ्या सांगण्यावरनं. मी काय त्येच्या दारात गेलेलो न्हाय."

एवढ्यासाठी हा माणूस बायकोचा डबा पळवतोय, हे तानाक्काला समजलं आणि पटलंही. मीनाबाईला मात्र तिनं तसं सांगितलं नाही, उगीच शेजार नासवायचा नव्हता.

जागा त्यानं निवडली ती गडमुडशिंगीच्या रस्त्यानं बरंच पुढं गेल्यावर, एका वाडीच्या माळावर. सोडून दिलेली दगडाची खाण, खाली साचलेलं निळं पाणी, वर वारा, आणि लांबवर ऊसच ऊस. खाणीच्या काठाला त्यानं डबा ठेवला. गुरांच्या पायाखाली येऊ नये म्हणून शेजारच्या चरीतला एक गोल काळा धोंडा उचलून त्याच्यावर मांडला. राजारामपुरीतल्या इंटरनेट कॅफेत बसून आकडे टाकले. दर रविवारी जाऊन डबा पुसून यायचा. चार महिन्यांनी हॉलंडच्या एका जोडप्यानं कळवलं, हिवाळ्यात गोव्याला जाताना येऊ. त्या दिवशी आकारामनं तानाक्काच्या घरी अर्धा किलो पेढे दिले. नात झाल्यावर पाव किलो दिले होते.

पावसाळ्यात त्याचा गुडघा सुजला. दसऱ्यापर्यंत माळावर जाणं झालं नाही. आणि दसऱ्याच्या तोंडावर मंडईत तानाक्काच्या कानावर आलं, की एका खाणीवर नवा देव निघालाय. एका शिकलेल्या माणसाला सापडला म्हणे. तो माणूस आभाळाकडं बघत यायचा, आणि देव त्याला वरनं वाट दाखवायचा. कुणाच्या तरी सुनेला लगेच दिवस गेले होते.

"तू तिकडंच जातोस न्हवं?" तिनं आकारामला विचारलं. "मला बी घिऊन चल की. नारळ फोडून येती."

"आक्का, तुमचं देव तुमास्नी कमी पडाय लागलं व्हय?" आकाराम हसला आणि तिला स्कूटरवर घेऊन निघाला. डांबरी सोडून गाडी कच्च्या वाटेला लागली तसं त्याचं हसू आटलं.

वास आधी आला, देव मागनं दिसला. फुटक्या नारळांची कुजकी करवंटं, त्यावर माश्यांचं मोहोळ. आंबलेला दहीभात, त्यातून मुंग्यांची रांग. कोंबडीची पिसं. गुटख्याच्या पुड्या. खाणीच्या निळ्या पाण्यावर प्लास्टिकच्या पिशव्या फुगून तरंगत होत्या. आणि मधोमध आकारामचा चरीतला धोंडा, शेंदूर आणि तेलानं असा माखलेला, की सालपट निघालेल्या ढोपरासारखा दिसत होता. पुढ्यात मीनाबाईचा डबा, उघडा. आत चिल्लर, बांगड्यांचे तुकडे, कुणाच्या तरी नवसाची केसांची बट, सुकलेलं लिंबू. नावं लिहायची वही हळदीनं चिकट होऊन तळाला बसली होती.

"या पावणं, या!" धोतर नेसलेला एक माणूस ओरडतच आला. तो पिराजी, वाडीचा मेंढरंवाला. आता कपाळभर गुलाल लावून पुजारी झालेला. "अवो बायांनो, ह्येंनीच काढला देव! मी मेंढरं घिऊन त्या बांधाला बसायचो बघा. ह्ये दर ऐतवारी यायचं. वर आभाळाकडं बघायचं, सावकाश पावलं टाकायचं, चपला काढायचं, आन् धोंड्याम्होरं गुडघ्यावर! म्हटलं, येवढा शर्टप्यांटातला माणूस उगंच वाकंल व्हय?"

"अवो, कड्याला चपला घसरत्यात म्हणून काढत हुतो. खाली माझा डबा हाय."

"देव सापडलेला माणूस असंच म्हणतोय."

"त्यो धोंडा मी त्या चरीतनं उचलून आणलाय!"

"मग? देव काय इमानातनं येतोय?"

बायका हसल्या, दोघी-तिघी आकारामच्या पाया पडायला पुढं झाल्या. तो मागं सरला. पिराजीनं मग प्रेमानं विचारलं, "पावणं, आडनाव काय म्हणायचं?"

आकारामनं सांगितलं.

पिराजीचं तोंड मिटलं नाही, नुसतं थांबलं. "बरं, बरं," तो म्हणाला. "असू दे. जरा हिकडं सरून हुबं ऱ्हावा की. बायकांस्नी दर्शन घ्यायचंय." पाया पडायला वाकलेल्या बाया वाकता वाकता सरळ झाल्या.

"शी!" तानाक्का एवढ्या मोठ्यानं म्हणाली की माश्या उठल्या. ती शी वासाला होती की त्या बोलण्याला, तिचं तिला कळेना. तिनं नारळ परत पिशवीत घातला आणि घरी येऊन त्याची चटणी वाटली. देवाच्या नावानं निघालेल्या नारळाची चटणी तिनं तेवढी एकदाच खाल्ली आणि ती चांगली पचली.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडनं पुन्हा आवाज आला. "सासऱ्यानं देव गंगेत सोडलं, आन् तुमी खाणीतनं काढून आणलं!" भांडं मात्र आदळलं नाही. ते तानाक्काला जास्त लागलं.

हॉलंडची माणसं यायच्या आत जागा पहिल्यासारखी करायची, एवढंच आता त्याच्या डोक्यात. एका पहाटे तो गेला, धोंडा उचलला आणि खाणीच्या पाण्यात सोडला. घाण पोत्यात भरली. वाडीतली माणसं परसाकडला निघालेली दिसली म्हणून डबा घासायला नेता आला नाही, तिथंच ठेवून आला. पुढच्या रविवारी गेला तर सिमेंटचा ओटा. ओट्यावर पहिल्याच्या तिप्पट धोंडा. वर पितळी घंटा. पिराजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, देव रातोरात वाढला. डबा ओट्यात पक्का बसवला होता, झाकणाला पैसे टाकायची चीर पाडून. घाण आधीपेक्षा दुप्पट. गर्दीसमोर आपलाच डबा मागायला त्याची जीभ रेटली नाही.

हॉलंडचं जोडपं येऊन गेलं. कधी आलं ते त्याला कळलंसुद्धा नाही, कॅफेत बसल्यावर त्यांचं लिहिलेलं वाचायला मिळालं. फार सुंदर देऊळ. पुजारी भला माणूस, त्यानं टिळा लावला, नारळ दिला. डबा देवाच्या पुढ्यातच ठेवलाय, लपवायची ही तऱ्हा फार आवडली. धन्यवाद.

आकाराम कट्ट्यावर येऊन बसला. तानाक्काला सगळं सांगितलं, आणि गटारीत थुंकला.

"ज्यांची वाट बघत हुतो ती माणसं आली आक्का. आन् पाहुणचार पिराजीनं केला."

"त्येंनी लिवलेलं पुसता येतंय का?"

"माझं आकडं तेवढं पुसता येत्यात."

"मग पूस की. बसलाईस काय."

त्यानं पुसले. चार दिवस जेवला नाही, पाचव्या दिवशी उठून नवीन डबा आणला, बोटभर उंचीचा, लोहचुंबकाचा. त्याच माळाच्या दुसऱ्या टोकाला तारा काढून नेलेला एक लोखंडी खांब उभा होता. त्याच्यावर जुनी पाटी, कवटी आणि दोन हाडं, खाली 'धोका'. आत चिमुकली वही घालून त्या पाटीच्या मागं त्यानं डबा चिकटवला आणि नवे आकडे संगणकावर टाकले. तिथनंही ऊस दिसतो, वारा लागतो. धोंडा नाही, काही नाही.

"कवटीला कोण कुंकू लावतंय बघू या," तो म्हणाला.

"लावतील," तानाक्का म्हणाली. "तू आपल्या लोकांस्नी वळखत न्हाईस."

तेव्हापासून दर रविवारी तो परतला की भिंतीवरनं हाक यायची, "न्हाय लावलं अजून, आक्का!" आणि ती इकडनं म्हणायची, "लावतील." वहीत मात्र कुणाचं नाव आलं नाही.

दोन हजार नऊच्या मार्गशीर्षात एका बुधवारी, दाढी करताना तो बसल्या जागी गेला. त्याच्या आधीच्या रविवारी तो माळावर गेला होताच. स्कूटरला लाथ मारली, मीनाबाईनं "चाललासा खांबाच्या दर्शनाला?" म्हणून टोमणा मारला, त्यानं यंत्रात नवे सेल घातले. खांबाजवळ उभा राहून आभाळाकडं बघितलं, पाटीवरची धूळ रुमालानं पुसली, कोऱ्या वहीजवळ शिसपेन्सिलीचं थोटूक टोक करून ठेवलं, डबा चिकटवला. दिवे लागायच्या आत घरी आला. तानाक्का भाकरी थापत होती.

"न्हाय लावलं अजून, आक्का!"

"लावतील," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.