ताम्हणाचं ओलं चित्र

मे महिन्यातली कोवळी सकाळ, रंकाळा तळ्याच्या काठावरचं ताम्हणाचं झाड शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत जांभळं झालेलं... आणि त्याच्यासमोर पदर कमरेला खोचून, एक ब्रश हातात आणि दुसरा दातांत आडवा धरून उभी असलेली माझी आई. टर्पेंटाइनचा झणझणीत वास, पाण्यावरून येणारा शेवाळी गारवा, आणि धुवायला आणलेल्या म्हशींचा तो उबदार दर्प — हे सगळं माझ्या नाकात असं काही एकजीव होऊन बसलंय, की आज मी स्वतः चित्रकार असूनही टर्पेंटाइनची बाटली उघडली की मला आधी म्हशी आठवतात. त्याला माझा इलाज नाही.

आई मूळची कोल्हापूरची. लग्नाआधी तिनं चित्रकलेचा डिप्लोमा केला आणि मग मुरगूडला सासरी आली — घर, गोठा, आजारी सासू, कागलच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, डबे. वर्षभर तिची रंगपेटी मामाच्या घरी पलंगाखाली पडून असायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही माहेरी पोचलो की ती चहाच्याही आधी ती पेटी ओढून काढी. इतर लेकी माहेरी येऊन पाय पसरून झोपा काढतात, आमच्या आईसाहेब मात्र कोंबडं आरवायच्या आत उठून मला हाताला धरून तळ्याकडे चालू लागत. "माहेरी येऊन ह्ये काय गं खूळ?" असं शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या. म्हणोत बापड्या!

उघड्यावर चित्र काढायचं म्हणजे उन्हाच्या तालानं काढायचं. सूर्य वर सरकला, सावल्यांचा निळा रंग उडाला की ब्रश धुऊन ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागी येऊन उभं राहायचं. त्यामुळे एकेका चित्राला पुष्कळ सकाळी लागतात, आणि तेवढ्या सकाळी याच तर आईकडे नसायच्या. त्यातून ताम्हण महाबिलंदर... फूल उमलतं तेव्हा गडद जांभळं, मग दिवसागणिक विटत विटत पांढुरकं होतं, आणि एकाच घोसात या सगळ्या छटा एकदम नांदत असतात. दरवर्षी आई त्याच्यावर हात टाकायची आणि दरवर्षी ते अर्धवट राहायचं. "ह्या वर्षी सोडत नाही याला," तिनं त्या साली मला बजावलं, आणि खरंच, झाड कॅनव्हासवर फुलायला लागलं.

चित्र अगदी रंगात आलं असताना अप्पा अचानक आम्हांला न्यायला आले. आत्याची सोयरीक ठरत होती, घरी पाहुणे यायचे होते. आम्ही तळ्यावर आहोत असं कळलं म्हणून ते थेट तिथंच आले, आणि आईच्या पाठीमागच्या बघ्यांच्या घोळक्यात जाऊन उभे राहिले. आपली बायको चित्र काढताना त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

"पावणं, जरा सरका की. दिसंना झालंय!" मागचा म्हैसवाला ओरडला. अप्पा निमूट सरकले. मग त्यानंच विचारलं, "कोण वो ह्या बाई? लई भारी काढत्यात."

"आमची मंडळी हाय ती," अप्पा म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की आईनं चमकून मागं वळून बघितलं.

"न्यायला आलासा व्हय?" तिचा चेहरा पडला. "थोडंच राहिलंय वो..."

"मग कर की पुरं. सोयरीक काय पळून जात न्हाय," अप्पांनी सांगून टाकलं. घरी निरोप धाडून ते राहिले, आणि रोज सकाळी आमच्याबरोबर येऊन एखाद्या मोठ्या ठेकेदाराच्या रुबाबात गर्दी मागं सारत उभे राहिले. आईनं शेवटचा जांभळा ठिपका ठेवला, तेव्हा तिच्यापेक्षा तेच जास्त खूश होते.

निघायच्या दिवशी आजी आईची ओटी भरत होती. तेवढ्यात अप्पांनी बाजारात जाऊन एक नवा, पांढराशुभ्र, जाड टर्किश टॉवेल आणला. वाटेतल्या धुळीनं चित्र खराब होऊ नये म्हणून. बाळंतिणीचं बाळ गुंडाळावं तसं त्यांनी चित्र गुंडाळलं, वर सुतळी आवळली, आणि एसटीत मुरगूडपर्यंत मांडीवर धरून नेलं. आईला वाटलं, आत फळी बांधून मगच वरून टॉवेल घातला असेल. तैलरंग वाळायला कितीतरी दिवस लागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. बिचाऱ्यांना वाटलं, भिंतीच्या रंगासारखं रात्रीत सुकलं असेल! घरी सगळ्यांना जमवून त्यांनी मोठ्या ऐटीत टॉवेल ओढला, तर निम्मं झाड टॉवेलवर आलं. उरलेल्या प्रत्येक घोसात पांढरे धागे रुतून बसले होते.

"काय केलासा वो ह्ये!" आई सासूसमोरच धाय मोकलून रडली. "वर्षभर वाट बघितलीया मी ह्येची!" अप्पा हातात तो जांभळा टॉवेल घेऊन नुसते उभे. मला त्या क्षणी दोघांचाही भयंकर राग आला होता आणि दोघांचंही तितकंच वाईट वाटत होतं.

पुढं आईनं बरीच चित्रं केली, पण बाहेरच्या सोप्यात, येणारे-जाणारे बसतात तिथल्या भिंतीवर, तिनं लावलं ते हेच. प्रत्येकाला ती हौसेनं दाखवायची, "ह्ये पांढरं दिसतंय न्हवं, त्यो आमच्या ह्यांचा टॉवेल!" पाहुणे खो खो हसायचे, अप्पा आढ्याकडे बघत बसायचे. मी चित्रकार झाल्यावर ते माझ्या मागेच लागले. "काढ की ते धागे. चारचौघांत लाज काढत्या ही माझी." आई आतून ओरडायची, "हात लावायचा न्हाय कुणी!"

आई जाऊन आता दोन उन्हाळे झाले. गेल्या मे महिन्यात मुरगूडला गेले, तेव्हा मनाशी म्हटलं, अप्पांचं एवढं काम करूनच टाकू. माझा हात पक्का आहे, आईचा जांभळा मला डोळे मिटून जुळवता येतो. चित्र खाली उतरवलं, खिडकीतल्या उजेडाला धरलं, धागे उपटायला चिमटा हातात घेतला... आणि अप्पा खुर्चीतून उठून आले. त्यांनी चित्रावर तळवा ठेवला.

"नको," ते म्हणाले. "ती गेल्यापासनं घरात मला बोल लावणारं कोण न्हाय. ह्याच्याकडं बघितलं की तेवढं ऐकू येतंय."

मी चित्र परत खिळ्याला लावलं.