विहीण राहायला आली

माणसाने खुशाल आजारी पडावं, पण आमच्या विहीणबाईंना कळू न देता पडावं. त्यांना कळलं, की मखमलाबादहून त्यांची स्कूटी निघालीच म्हणून समजा. डिकीत काढ्याची बाटली, ओव्याची पुरचुंडी आणि जुन्या ओढणीत गुंडाळलेली अंडी. तुम्हाला नुसती शिंक आली असली तरी छातीला शेक, पाठीला तेल आणि कपाळाला सुंठ लागल्याशिवाय सुटका नाही, आणि हे सगळं चालू असताना तुम्ही बोलायचं नाही, त्या बोलणार. माझ्या लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणताना भटजींना ठसका लागला, तर या चक्क वरमाई, पैठणीचा पदर खोचून पुढे झाल्या आणि खडीसाखरेचा खडा त्यांच्या तोंडात घालून आल्या. नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळत उभी! मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे, तर म्हणाल्या, "भटजीचा घसा बसल्यावर लग्न कोण लावील? तुम्ही?"

हा मायेचा मारा माणसांपुरता असता तरी एक वेळ निभावलं असतं. पण त्यांच्या घरामागे पेरूच्या झाडाखाली गावठी कोंबड्यांचा संसार आहे, आणि त्यातल्या प्रत्येकीची तब्येत त्या रोज सकाळी डोळ्यांच्या पापण्या वर करून तपासतात. या कोंबड्यांना नावं नाहीत. "नावं कशाला ठेवायची कुणाला? नातं लावावं," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे तिथे एक थोरली जाऊ आहे, एक आत्याबाई, एक नणंद, आणि मावशी लागणारी एक पांढरी, गरीब, सगळ्यांच्या मागून खाणारी कोंबडी आहे. एक तांबडी मात्र होती, मान ताठ, चाल झोकदार. तिचं नातं विचारलं की आमची लेक घाईघाईने चहा टाकायला आत जायची.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी विहीणबाईंचा फोन आला. आवाज रडवेला. "मावशीची पाठ पार सोलून काढली ओ! रगत आलंय!" मी हादरले. जावईबापूंना एक सख्खी मावशी आहे घोटीला, मला तीच आठवली. "कुठल्या दवाखान्यात ठेवलंय?" मी विचारलं. "दवाखान्यात कशाला? टोपलीखाली ठेवलीय," पलीकडून उत्तर आलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तरीही गेले. न जाणं शोभलं नसतं. टोपली उचलली तर मला बघवेना. मावशीच्या पाठीवर एक पीस उरलं नव्हतं. गुलाबी कातडी उघडी, मधे चिघळलेली जखम, आणि त्यावर विहीणबाईंनी थापलेली हळद. हळद सगळ्याच कोंबड्यांना लावली होती, आधीच लावलेली बरी म्हणून. लग्नघरच वाटत होतं. झालं होतं असं, की थंडीत मुंगसाने एक कोंबडी नेली, तेव्हापासून विहीणबाईंनी धास्तीने सगळ्यांना पत्र्याच्या खुराड्यात दिवसभर कोंडायला सुरुवात केली होती. त्यात उन्हाळा लागला, आणि कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. सगळ्यांत पुढे एकच होती.

"कोण?" मी विचारलं.

विहीणबाई पेरूच्या झाडाकडे बघायला लागल्या. लेक सासूला म्हणाली, "मम्मी, सांगून टाका आता."

"ती तांबडी."

"तिचं नातं काय?"

"विहीण," त्या पुटपुटल्या. मग एकदम भडाभडा, "तुमच्यावरून नाय हां! आईशप्पथ नाय! आपली ऐटीत चालती म्हणून म्हटलं विहीण. शेजारचे म्हणतात, तिला कापा न् सोडवा पीडा. पण विहिणीला कापा, हे माझ्या तोंडून निघंल तरी का?"

मी हसले. हसण्यावाचून दुसरं काय करणार? पण घरी आल्यावर कपाटाच्या आरशासमोर दोनतीन येरझाऱ्या घालून बघितल्या. आमचे हे पेपर खाली करून म्हणाले, "काय शोधतेयस?" मी म्हटलं, "काही नाही. मी ऐटीत चालते का हो?" त्यांनी पेपर पुन्हा वर केला. काय समजायचं ते मी समजले.

मग लेकीचा फोन आला. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी सांगितलं, हळद पुसा, जखमेला जांभळं औषध लावा, म्हणजे लाल दिसणार नाही आणि बाकीच्या टोचणार नाहीत. कोंबड्यांना मोकळी जागा द्या, धुळीत लोळायला राखमाती द्या, खाण्यात सुकट घाला. आणि त्या तांबडीला काही दिवस नजरेआड ठेवा. ती परत येईपर्यंत बाकीच्यांची घडी नव्याने बसलेली असेल, मग तिचा तोरा चालणार नाही. "पण नजरेआड कुठे ठेवणार, आई? कोपऱ्यात ठेवली तरी ओरडून घर डोक्यावर घेते. मम्मी दोन घास धड जेवत नाहीत. मावशी मेली तर माझ्यामुळेच, मीच कोंडलं त्यांना, असं धरून बसल्यात."

मी म्हटलं, "पाठवून दे इकडे."

"कुणाला? मम्मींना?"

"अगं, कोंबडीला!"

अशी विहीण माझ्याकडे राहायला आली. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत, तुळस आणि वॉशिंग मशीनच्या मधे. पहिल्या दिवशी "सोसायटीवाले काय म्हणतील?" असं म्हणणारे आमचे हे पुढे पेपर गॅलरीतच वाचायला लागले, आणि पेपरचा अग्रलेख तिला ऐकवायला लागले. समोरच्या वहिनींनी विचारलं, "कुणी पाहुणे आलेत का? सकाळी आवाज येतो." मी म्हटलं, "विहीण आलीय." त्या म्हणाल्या, "फार लवकर उठतात हो!"

आणि खऱ्या विहीणबाई रोज दुपारी हजर. हातात सुकटीची पुडी. आधी कोंबडीच्या पापण्या वर करून बघायच्या, मग यांच्या. मग गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून तांबडीला बोल लावायच्या, "मावशीनं तुझं काय घोडं मारलं होतं गं? सांग ना!" चहा व्हायचा. चहानंतर मेथी निवडणं व्हायचं. लग्नाला वर्षं झाली होती मुलांच्या, पण आम्ही दोघी आजवर मानपान आणि आहेर सोडून दुसरं काही बोललोच नव्हतो. तिकडे जावईबापूंनी मामाच्या द्राक्षबागेतली जुनी जाळी आणून पेरूच्या झाडाभोवती ऐसपैस अंगण बंदिस्त केलं. मुंगूस आत येणार नाही आणि कोंबड्या दिवसभर उकरत फिरतील, अशी सोय झाली. विहीणबाईंनी आत कोबीचा गड्डा सुतळीने टांगला. टोचायचंच असेल तर त्याला टोचा म्हणावं.

तांबडीला परत न्यायच्या दिवशी मी स्कूटीवर मागे बसले, मांडीवर पिशवी, पिशवीतून तिची मान बाहेर. आत सोडली आणि आम्ही दोघी जाळीला चिकटून उभ्या राहिलो. ती थेट मावशीकडे निघाली. विहीणबाईंनी माझा दंड धरला. तेवढ्यात थोरल्या जावेने पुढे होऊन तिला एक सणसणीत टोच दिली. तांबडी थबकली. इकडेतिकडे बघितलं, आणि जणू त्याच कामाला आले होते असं दाखवत कोबीकडे वळली.

"बसली घडी," विहीणबाई म्हणाल्या, आणि मग कितीतरी वेळाने त्यांनी माझा दंड सोडला.

त्यांनी मावशीला उचलून मांडीवर घेतलं आणि माझं बोट धरून तिच्या पाठीवरून अलगद फिरवलं. बारीक बारीक काटे लागले हाताला. "नवी पिसं. जोरात नाय हां, दुखतं. कोवळं असतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे गेले ना, तेव्हा घर एवढं शांत झालं ओ. पोरगं अंबडला, कंपनीत. सूनबाई कामावर. दिवसभर मी न् पंखा. म्हणून आणल्या ह्या. भांडतात मेल्या, पण घरात आवाज असतो."

मी मावशीच्या पाठीवरून आणखी एकदा अलगद बोट फिरवलं. ऊन कलायला लागलं होतं, म्हणून मी पर्स उचलली.

"थांबा ओ जरा," त्या म्हणाल्या. "आता एकेक फांदीवर चढतील. ते बघून जा."

एकेक चढली. आधी थोरली जाऊ, मग आत्याबाई, नणंद. ढकलाढकली, कुरबुर, पंखांची फडफड. मावशी दोघींच्या मधे घुसली आणि दिसेनाशी झाली. तांबडी शेवटी चढली आणि टोकाला, थोडं अंतर राखून बसली.

"सरकंल उद्यापरवा," विहीणबाई हळूच म्हणाल्या.

मी पर्स खाली ठेवली. त्या सगळ्या गप्प होईपर्यंत आम्ही दोघी ओट्यावर बसून राहिलो.